स्टेबल की रोलिंग? घरच्या संगणकासाठी लिनक्स कसं निवडावं

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत एकच अडचण उभी राहिली. लॅपटॉप धडधाकट आहे, मुलांचा अभ्यास त्यावर होतो, विजेचं बिल त्यावरून भरलं जातं, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. कारण टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही, किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या मागचा आहे. असा लॅपटॉप भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत संगणकप्रणाली, उत्तम चालतं. या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या शाळांत दान मिळालेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स चालवलं गेलं होतं, आणि आज ते तेव्हापेक्षा फार सोपं झालं आहे.

पण 'कुठलं टाकू?' असं विचारलं की चार जण चार नावं सांगतात: मिंट, उबुंटू, फेडोरा, आर्च. या लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळ्या मंडळींनी बांधलेले तयार संच. नावांआधी एक गोष्ट ठरवा. तुमच्या संगणकातले मोठे बदल कधी व्हायचे, हे तुम्ही ठरवणार की ते येतील तसे घेत राहणार? स्टेबल आणि रोलिंग यांतला फरक इथेच आहे. हा फरक न सांगताच डिस्ट्रो हातात दिली जाते आणि मग महिनाभरात माणूस वैतागून विंडोजकडे परततो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फरक नेमका कुठे

स्टेबलसाठी डेबियन या डिस्ट्रोचं उदाहरण घेऊ. साधारण दर दोन वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. त्याआधी काही महिने सगळी पॅकेजं (प्रोग्रॅमांचे गठ्ठे) गोठवली जातात, म्हणजे नवं काही आत येऊ न देता फक्त दोष काढले जातात. डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.१२ मालिकेचा आहे आणि लिब्रेऑफिस २५.२ आहे. तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन, असा मिळून २०३० पर्यंत तिला आधार आहे आणि तोवर या मालिका बदलणार नाहीत. मधल्या काळात सुरक्षेचं भोक सापडलं, तर नवी आवृत्ती न आणता तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवली जाते. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणून तो प्रोग्रॅम असुरक्षित ठरत नाही. ब्राउझरला मात्र सवलत आहे: फायरफॉक्सची ईएसआर ही दीर्घ आधाराची मालिका डेबियनमध्येही पुढे सरकत राहते, कारण जुना ब्राउझर सांभाळणं कुणालाच परवडत नाही.

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात येते आणि तिला पाच वर्षं आधार असतो. लिनक्स मिंट तिच्यावरच उभी आहे. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत चालेल. उबुंटूच्या दर सहा महिन्यांनी येणाऱ्या मधल्या आवृत्त्यांना मात्र जेमतेम नऊ महिने आधार मिळतो. घरच्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

रोलिंगमध्ये आवृत्ती असा प्रकारच नसतो. २००२ मध्ये सुरू झालेली आर्च किंवा ओपनसुसेची टंबलवीड एकदा बसवली की ती वर्षानुवर्षं तीच राहते, फक्त तिच्यातली पॅकेजं बदलत जातात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली की थोड्याच दिवसांत ती तुमच्याकडे पोचते. एका घराची कौलं पावसाआधी एकदाच परतून घेतात, दुसऱ्या घरात वर्षभर थोडी थोडी बदलत राहतात. छप्पर दोन्हीकडे शाबूत राहतं, पण दुसऱ्या घरात शिडी कायम भिंतीला टेकलेली असते.

दोन समज आधी दूर करू

रोलिंग नवं, म्हणून जास्त सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने 'एक्सझेड' या फाइली दाबून साठवण्याच्या साधनात मुद्दाम पेरलेलं चोरदार उघडकीला आणलं. ते ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होतं. त्या आवृत्त्या टंबलवीड, आर्च आणि डेबियनच्या चाचणी शाखांत शिरल्या होत्या. डेबियन स्टेबलपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. आर्चवर त्या चोरदाराला चालायला लागणारी जोडणी नव्हती, म्हणून तिथे धोका कमी होता, पण पॅकेज पोचलं होतं हे खरं. नवेपणाबरोबर नवे दोषही आधी तुमच्याच घरी येतात.

उलट, रोलिंग म्हणजे रोज कोसळणारी व्यवस्था, हेही खरं नाही. टंबलवीडचा प्रत्येक नवा संच बाहेर पडण्याआधी ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणीतून जातो. आर्चवर वर्षानुवर्षं बिनघोर काम करणारी माणसं आहेत, पण ती माणसं अपडेटआधी आर्चच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचतात. जून २०२५ मध्ये फर्मवेअरच्या (चिपांना लागणाऱ्या कोडच्या) पॅकेजची मांडणी बदलली, तेव्हा जुनं पॅकेज आधी हाताने काढून मग अपडेट करा, अशी सूचना तिथे आली होती. जो वाचतो त्याचं काम पाच मिनिटांत होतं. जो वाचत नाही तो चुकीच्या संदेशांपुढे संध्याकाळभर बसतो. तुमच्या घरात हे कोण वाचणार, हा प्रश्न लक्षात ठेवा.

पायरी पहिली: यंत्र तपासा

लॅपटॉप कोणत्या साली घेतला, रॅम किती, ग्राफिक्स कुणाचं, वायफाय चिप कोणती, हे एका कागदावर उतरवा. तीन वर्षांहून जुन्या यंत्राला नव्या कर्नलची सहसा गरज नसते, स्टेबलमध्ये त्याचं सगळं ओळखलं जातं. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. प्रोसेसर ३२ बिटांचा असेल तर आजच्या बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंचा रस्ता बंद आहे, डेबियन १३ नेही त्यासाठीचा इन्स्टॉलर देणं थांबवलं.

यंत्र अगदी यंदाचं असेल तर चित्र उलटं. वायफाय किंवा ग्राफिक्स गोठवलेल्या कर्नलला माहीतच नसण्याची शक्यता असते. तरीही लगेच रोलिंगकडे धावू नका. उबुंटू आणि मिंटमध्ये एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल मिळतो, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स नावाच्या वेगळ्या साठ्यातून (इथे त्याचा अर्थ नव्या आवृत्त्या) नवा कर्नल घेता येतो. बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर रोलिंग टाळाच. त्या कार्डांचे कंपनीचे ड्रायव्हर पुढे वाढत नाहीत, कर्नल मात्र वाढत राहतो, आणि एके दिवशी दोघांचं जुळत नाही. तेव्हा काळ्या पडद्यापुढे बसून दुरुस्ती करायची वेळ येते.

पायरी दुसरी: वीज आणि नेट

डिस्ट्रोंच्या तुलना लिहिणारे हा मुद्दा सहसा धरत नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात झाड तारांवर पडलं की वीज जाते आणि कधी तासाभराने तर कधी दुसऱ्या दिवशी येते. अपडेट चालू असताना यंत्र बंद पडणं ही कुठल्याही लिनक्सला वाईटच गोष्ट, पण नुकसान सारखं नसतं. स्टेबलमध्ये एका वेळी चार-दहा पॅकेजं बदलतात. अर्ध्यावर थांबलं तर बहुतेक वेळा उबुंटू किंवा मिंटच्या रिकव्हरी मेनूत 'डीपीकेजी' हा दुरुस्तीचा पर्याय निवडून काम भागतं. रोलिंगमध्ये एका वेळी शंभर-दोनशे पॅकेजं बदलतात, त्यात बहुधा कर्नलही असतो. तो अर्ध्यात अडकला तर यंत्र सुरूच होत नाही, पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालवून आत शिरावं लागतं. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर भीती कमी. बॅटरी मेलेला, सतत प्लगवर असलेला लॅपटॉप किंवा यूपीएसशिवायचा डेस्कटॉप असेल तर पावसाळ्यात रोलिंग म्हणजे उगाच ओढवून घेतलेली चिंता.

नेटचंही तेच. पणजी, मडगाव, म्हापशात फायबर असेल तर प्रश्न नाही. पण सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर मोबाइलच्या डेटावर घर चालत असेल तर हिशेब करा. रोलिंगला आठवड्याला काहीशे एमबी सहज लागतात. कंपायलरसारखं (प्रोग्रॅम बांधणारं साधन) मुळातलं काही बदललं की हजारो पॅकेजं नव्याने येतात आणि एक-दोन जीबी एकदम जातात. अपडेट महिनोन्महिने लांबवणं हा त्यावरचा उपाय नव्हे: रोलिंग जितकं साचतं तितकं एकदम उतरवणं धोक्याचं होतं.

पायरी तिसरी: प्रिंटर आणि टंकलेखन

एचपीच्या लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरांना लिनक्समध्ये कंपनीचा एक बंद प्लगइन लागतो, आणि तो एचपीएलआयपी या ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो. स्टेबलमध्ये ड्रायव्हर बदलत नाही, त्यामुळे प्लगइन एकदा बसवला की झालं. रोलिंगमध्ये ड्रायव्हर बदलला की प्लगइन पुन्हा उतरवायचा. कॅननच्या एलबीपी २९०० चीही गत तशीच, त्याचा ड्रायव्हर जुना आणि बंद आहे. छपाईवर पोट असलेल्या माणसाने एवढ्या एका कारणासाठी स्टेबल निवडावं.

मराठी लिहिण्याचा प्रश्न दोन्हींकडे सारखाच सुटलेला आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'मराठी' शोधा, त्यात इन्स्क्रिप्टची मांडणी तयार मिळते. युनिकोड फाँट आधीच असतात. पण तुमची जुनी कामं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत असतील तर ती लिनक्समध्ये आहेत तशी उघडून चालवता येणार नाहीत. अशा दुकानात एक विंडोज यंत्र, नेटला न जोडता, ठेवावंच लागतं.

आता ठरवा

माझं मत सरळ आहे. गोव्यातल्या दहांतल्या नऊ घरांना स्टेबल हवं, आणि तेही लिनक्स मिंट. जत्रेची पत्रकं, उत्सवी नाटकांचे फलक, लग्नाच्या पत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यालाही तेच, कारण चवथीच्या आधीच्या आठवड्यात किंवा कार्तिकानंतरच्या जत्रांच्या दिवसांत इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमची बटणं जागा बदललेली त्याला चालणार नाहीत. आजी-आजोबांच्या यंत्रावर तर दुसरा विचारच करू नये.

रोलिंग कुणी घ्यावं? ज्याला प्रोग्रॅमिंग करायचंय आणि भाषांच्या ताज्या आवृत्त्या लागतात, ज्याच्याकडे नवंकोरं ग्राफिक्स कार्ड असून खेळ खेळायचेत, किंवा लिनक्स आतून कसं चालतं हे ज्याला हाताने शिकायचंय, त्याने. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मी आर्च नको म्हणणार नाही. पण घरात एकच संगणक असेल आणि त्यावर आईची ऑनलाइन कामं होत असतील तर बाळा, तुझा प्रयोग वेगळ्या डिस्कवर कर.

मधली वाटही आहे. फेडोराची नवी आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिने आधार असतो, म्हणजे वर्षातून एकदा मोठा बदल करायची तयारी हवी. ज्यांना बरंच ताजं हवं पण आठवड्याची शिडी नको, त्यांना ती जमते. डेबियनची 'टेस्टिंग' शाखा मात्र सौम्य रोलिंग समजून वापरू नका. तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या स्टेबलपेक्षा उशिरा पोचू शकतात.

स्टेबल बसवताना

सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर पुढे विंडोजच उघडणार नाही. मग मिंटची आयएसओ (पूर्ण संच असलेली) फाइल उतरवा, तिचा चेकसम (फाइल न बिघडता उतरली का ते दाखवणारा आकडा) जुळवा, आणि रूफस किंवा बलेनाएचरने पेनड्राइव्हवर चढवा.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. तिथूनच तासभर वापरा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का. प्रिंटर जोडून एक पान छापा. हा तास वाचवणारे नंतर आठवडा घालवतात.

बसवून झालं की तीन कामं त्याच दिवशी करायची. टाइमशिफ्ट उघडून आठवड्याच्या स्नॅपशॉटांचं (व्यवस्थेच्या त्या वेळच्या प्रतींचं) वेळापत्रक लावा. टाइमशिफ्ट व्यवस्थेच्या फाइली सांभाळतं, तुमचे फोटो नाही. त्यांच्यासाठी वेगळा बॅकअप लागतोच. दुसरं, अपडेट मॅनेजरमध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील असं ठेवा. तिसरं, ज्या एखाद-दोन प्रोग्रॅमांची ताजी आवृत्ती खरोखर हवी, ते फ्लॅटहब या साठ्यावरून फ्लॅटपॅक, म्हणजे पायाला हात न लावता वेगळा बसणारा संच, म्हणून घ्या. लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, व्हीएलसी सगळे तिथे आहेत. पाया गोठलेला आणि वरचे दोन प्रोग्रॅम ताजे, ही जोडणी मला घरगुती वापरासाठी आजची सर्वांत शहाणी व्यवस्था वाटते. फ्लॅटपॅक पहिल्यांदा घेताना त्याच्याबरोबर मोठा रनटाइम (त्याला चालायला लागणारा संच) उतरतो आणि काहीशे एमबी जातात, एवढं लक्षात असू द्या. आणि बाहेरचे पीपीए, म्हणजे इतरांनी चालवलेले प्रोग्रॅमांचे साठे, जोडत सुटू नका. स्टेबल व्यवस्था बिघडवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण पुढच्या मोठ्या अपग्रेडच्या वेळी नेमके तेच आडवे येतात.

आधार संपण्याचं साल कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. मोठा अपग्रेड शेवटच्या महिन्यापर्यंत ताणू नका. उबुंटूमध्ये एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जाण्याचं आमंत्रण पहिली सुधारित आवृत्ती आल्यावर, साधारण ऑगस्टात येतं. ते आलं म्हणून भर पावसात, चवथीच्या तोंडावर हात घालायची गरज नाही. जुन्या एलटीएसला आणखी वर्षं शिल्लक असतात. दिवाळीनंतर किंवा मेच्या सुट्टीत करा. डेबियनमध्ये आवृत्ती वगळून उडी मारता येत नाही: ११ वरून आधी १२, मग १३.

रोलिंग घेतलंच तर

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी टंबलवीड सुचवतो. ती मुळातच बीटीआरएफएस फाइलव्यवस्थेवर बसते आणि प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर स्नॅपर हे साधन स्नॅपशॉट घेतं. बिघडलं तर सुरुवातीच्या मेनूतून कालचा स्नॅपशॉट निवडायचा, तो ठीक चालला की 'स्नॅपर रोलबॅक' द्यायचं. अपडेटला तिथे 'झिपर डप' वापरतात, साधं 'अप' नाही. आर्च घेणार असाल तर ही सोय स्वतः उभी करावी लागते, आणि सिक्युअर बूटही (सुरू होतानाची सह्यांची तपासणी) तिथे आयतं चालत नाही.

आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी आधी सूचना वाचायच्या, लॅपटॉप चार्ज आहे ना पाहायचं, मग पूर्ण अपडेट. 'पूर्ण' हा शब्द आर्चवर अक्षरशः पाळायचा: एखादंच पॅकेज नवं करून बाकी जुनं ठेवणं तिथे मान्यच नाही, कारण नवा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीसाठी (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडसाठी) बांधलेला असतो. नेहमीच्या कर्नलशेजारी 'लिनक्स-एलटीएस' हा कर्नलही बसवून ठेवा. नवा अडला तर मेनूतून दुसरा निवडून काम चालू राहतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.१९.१२ या कर्नलमुळे काही इंटेल लॅपटॉपांचे पडदे लुकलुकू लागले होते आणि दुरुस्ती पुढच्याच ५.१९.१३ मध्ये आली. अशा वेळी हा दुसरा कर्नल कामी येतो.

कर्नल बदलला की यंत्र लगेच पुन्हा सुरू करा. आर्चमध्ये जुन्या कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे सुटे भाग) काढून टाकले जातात, त्यामुळे तसंच काम चालू ठेवलं आणि कुणी पेनड्राइव्ह आणून लावला, तर तो उघडतच नाही आणि माणूस पेनड्राइव्हला दोष देत बसतो.

महिनोन्महिने बंद असलेलं आर्च पुन्हा चालू केलंत, तर पॅकेजांच्या सह्या जुळत नसल्याचा संदेश येऊ शकतो. तेव्हा आधी 'आर्चलिनक्स-कीरिंग' हे सह्या तपासणाऱ्या चाव्यांचं एक पॅकेज नवं करायचं आणि लगेच पाठोपाठ बाकी सगळं. जहाजावर सहा-आठ महिने जाणाऱ्यांच्या घरी हे हमखास होणार. त्यांनी स्टेबलच ठेवावं असं मला वाटतं, कारण मागे राहिलेल्या माणसाला त्या संदेशाचा अर्थ लावता येत नाही आणि फोनवरून तो समजावणं अवघड असतं.

एकीकडून दुसरीकडे जायचं झालं तर नव्याने बसवणं हाच साफ मार्ग. डेबियनच्या यादीत 'सिड' या सतत बदलणाऱ्या शाखेचा साठा जोडून तिचं रोलिंग करता येतं, पण तिथून स्टेबलला परतायची सोय नाही. रोलिंगवरून स्टेबलला येताना होम फोल्डर जसाच्या तसा उचलू नका. त्यातल्या लपलेल्या सेटिंग फाइली नव्या आवृत्त्यांनी लिहिलेल्या असतात आणि जुन्या आवृत्त्या त्यांवर अडखळतात. फायरफॉक्स तर नव्या आवृत्तीचा प्रोफाइल जुन्यात उघडायलाच नकार देतो. कागदपत्रं, फोटो आणि बुकमार्क एवढंच न्या, बाकीचं नव्या यंत्रणेला स्वतः तयार करू द्या.